घोट्याचं लिगामेंट फाटलंय: ऑपरेशन कधी करावं, आणि नंतर पाय कसा सांभाळावा

पाय मुरगळला की पहिला सल्ला मिळतो तो चोळून घेण्याचा. पहिले दोन-तीन दिवस तरी तो मानू नका. चोळण्याने आणि गरम शेकाने सूज वाढते. पाय उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा.

हाड मोडलंय का, याचा अंदाज घ्यायला डॉक्टर एक साधा नियम वापरतात. तो १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात तयार झाला. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरच्या भागात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात पोचल्यावरही चार पावलं टाकता येत नसतील, तरीही काढा. करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी दुखत असेल, तर पावलाचाही काढावा लागतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे असतात. पाय आत वळून मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पुढचं फाटतं, कारण बोटं खाली झुकलेली असताना तेच सर्वांत ताणलेलं असतं. गड उतरताना किंवा व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून दुसऱ्याच्या पायावर पडल्यावर नेमकं हेच होतं. जोर जास्त असेल तर टाचेच्या हाडाकडे जाणारं दुसरंही जातं.

एमआरआयच्या कागदावर ‘पूर्ण फाटलं’ असं वाचलं की घरात ऑपरेशनची तारीख शोधायला सुरुवात होते. थांबा. पूर्ण फाटलेलं लिगामेंटसुद्धा बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशनशिवाय पुरेसं भरून येतं. सोबत हाडाचा किंवा कूर्चेचा (सांध्यातल्या हाडावरच्या गुळगुळीत अस्तराचा) तुकडा निघाला असेल, किंवा घोट्याच्या वर नडगीची दोन हाडं जोडणारं लिगामेंट तुटून तिथे फट पडली असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी आधी तीन ते सहा महिने फिजिओ. फिजिओ म्हणजे यंत्राचे शेक घेऊन घरी येणं नव्हे. पोटऱ्या आणि घोट्याच्या बाहेरचे स्नायू बळकट करणं आणि एका पायावर तोल सांभाळायला शिकणं, हा त्यातला खरा भाग.

एवढं मनापासून करूनही सपाट रस्त्यावर पाय दगा देतो, खडबडीत जागी चालायची भीती वाटते, पुन्हा पुन्हा मुरगळतो, तर ऑपरेशनचा विचार करा. नुसतं दुखत असेल आणि घोटा डगमगत नसेल, तर दुखण्याचं कारण दुसरीकडे असू शकतं. ते आधी शोधून घ्या.

सर्जनला काय विचारायचं

सर्वाधिक केली जाते ती ब्रॉस्ट्रॉम पद्धत. स्वीडनच्या लेनार्ट ब्रॉस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये ती मांडली आणि १९८० मध्ये गूल्ड यांनी तिच्यात भर घातली. सैल पडलेलं लिगामेंट आखूड करून घोट्याच्या बाहेरच्या हाडाला पुन्हा टाक्यांनी बांधतात. त्यावर शेजारचा जाड पडदा ओढून शिवतात. हल्ली टाके धरून ठेवायला हाडात छोटे अँकर बसवतात, कधी वर मजबूत टेपही लावतात.

विचारा: माझं स्वतःचं लिगामेंट शिवण्याजोगं आहे का, की मांडीतून स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून नवं करावं लागेल? दुर्बिणीने सांध्यात डोकावून कूर्चा पाहणार का? माझी टाच आत झुकलेली आहे का? शेवटचा प्रश्न अनेक जण विचारत नाहीत. टाच मुळात आत वळलेली असेल तर नवीन शिवणीवर रोज ताण येतो, आणि कधी कधी टाचेचं हाडही सरळ करावं लागतं. विमा असेल तर अँकर आणि टेपचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हे आधीच लेखी घ्या. वाद बहुधा त्यावरूनच होतात.

तंबाखू, सिगारेट, मशेरी काही आठवडे आधीपासून बंद. जखम भरायला त्याने उशीर होतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या.

घर आधी तयार करा

आपल्या घरांत खरी अडचण इथे येते. साधारण दोन आठवडे त्या पायावर भार देता येत नाही आणि त्यापुढे बरेच आठवडे उकिडवं बसता येत नाही. भारतीय पद्धतीचं संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. बाथरूममध्ये न घसरणारं स्टूल आणि पट्टीवर चढवायला प्लास्टिकची पिशवी ठेवा. सुटी पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून टाका. कुबड्यांचा सराव ऑपरेशनच्या आधी करा; भूल उतरलेल्या दुपारी तो जमत नाही. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

पहिले सहा आठवडे

कमरेतून भूल देऊन ऑपरेशन होतं, साधारण तास-दीड तासात. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. पहिले दोन आठवडे प्लास्टरच्या पट्टीत पाय असतो. झोपून तो छातीपेक्षा उंच ठेवा. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवणं पुरत नाही. बोटं हलवत राहा, गुडघा सरळ ठेवून पाय उचला. दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतात आणि बहुधा वॉकर बूट, म्हणजे घोटा धरून ठेवणारा ताठ बूट मिळतो. त्यात हळूहळू भार द्यायचा, सर्जन सांगतील तेवढाच.

या काळात पाऊल वर-खाली हलवायला परवानगी मिळते, पण आत वळवायचं नाही आणि बोटं पूर्ण खाली ताणायची नाहीत. म्हणूनच जमिनीवर मांडी घालू नका. मांडीत पाऊल नेमकं आत वळतं, शिवलेल्या भागावर ताण येतो आणि बाहेरचा घोटा फरशीवर दाबला जातो. जेवायला खुर्ची घ्या, पूजेलाही घ्या. वज्रासनही इतक्यात नको. दोन्ही कधी सुरू करायचं ते फिजिओला विचारूनच ठरवा.

पोटरी दुखून फुगली, ताप आला, जखमेतून पू आला, बोटं निळी किंवा बधिर पडली, तर लगेच फोन करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते. पावलाच्या वरच्या भागात थोडी बधिरता मात्र बऱ्याच जणांना येते, कारण तिथली बारीक नस कापाच्या जवळून जाते. ती बहुधा हळूहळू कमी होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.

त्यानंतरचं काम

सहा आठवड्यांनी बूट सुटतो आणि अनेक जण फिजिओही सोडतात. हे करू नका. लिगामेंट फाटतं तेव्हा सांधा कुठे आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते, आणि ती सुईदोऱ्याने दुरुस्त होत नाही. रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर ढकलायचा व्यायाम करा. दोन्ही टाचा उचला, मग एकच. भिंतीजवळ एका पायावर उभं राहा. अर्धा मिनिट सहज जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. दात घासताना केलं तरी चालतं.

साधारण तीन महिन्यांनी सपाट जागी धावणं, चार ते सहा महिन्यांनी खेळ. पण कॅलेंडरपेक्षा पायाला विचारा: एका पायावर मारलेली लांब उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी जाते का, दिशा झटकन बदलताना मन कचरतं का? कबड्डी-फुटबॉलमध्ये पहिले काही महिने घोट्याचा ब्रेस घाला. पहिला ट्रेक कमी उताराचा निवडा. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत गाडी नको, आणि बूट घालून तर मुळीच नाही.

संध्याकाळची सूज सहा महिने, कधी त्याहून जास्त टिकते. तेवढ्याने बिथरू नका. सहा महिन्यांनीही घोटा डगमगत असेल, तर पुन्हा तपासून घ्या. बाहेरच्या घोट्यामागचे स्नायूबंध फाटलेले असणं किंवा टाचेचा झुकाव ही दोन कारणं अनेकदा तेव्हाच सापडतात.