पीआयसीयूची ड्युटी लागलीय? आधी हे वाचून घ्या

ड्युटीच्या यादीत माझ्या नावापुढे पहिल्यांदा 'पीआयसीयू', म्हणजे लहान मुलांचा अतिदक्षता कक्ष, दिसलं, तेव्हा मी मेट्रन मॅडमच्या खोलीत जाऊन रडले होते. सहा वर्षं मेडिकल वॉर्डात मोठ्या माणसांना सलाइन लावलेली मी. चार किलोच्या बाळाची शीर मला कशी सापडणार? मॅडम चहा ढवळत म्हणाल्या, "शीर सापडन आज ना उद्या. तुले मोजता येते का, ते सांग." मला तो टोमणा वाटला. पहिल्या आठवड्यात कळलं की तो टोमणा नव्हता.

मी विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै 2021 मध्ये केंद्राने 23,123 कोटींचं पॅकेज मंजूर केलं आणि त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत लहान मुलांचे कक्ष उभे राहिले. आमच्याकडेही व्हेंटिलेटर आले, सिरिंज पंप आले, भिंतीवर जिराफ आले. माणसं मात्र होती तेवढीच राहिली. रात्री सहा लेकरांना आम्ही दोघी आणि एक डॉक्टर, तेही अर्धा वेळ कॅज्युअल्टीत. पुस्तकात व्हेंटिलेटरवरच्या लेकराला एक स्वतंत्र सिस्टर लिहिलेली असते. ते वाचून आम्ही हसतो आणि कामाला लागतो.

तर मोजायचं काय? सगळ्यात आधी श्वास. मॉनिटरवरचा आकडा बघून लिहायचा नाही. पोट उघडं करायचं आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट बघायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर 60, वर्षाच्या आतलं असेल तर 50, एक ते पाच वर्षांचं असेल तर 40. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले की श्वास वेगाने चाललाय असं धरायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या सिस्टर असतात, मीही त्यातलीच होते. तान्ही बाळं मध्येच थांबतात, मध्येच भराभर घेतात. चारने गुणलं की आपली चूकही चारपट होते.

मग छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडायचं. रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर डॉक्टरांना हाक मारायची, ते जेवत असले तरी. लघवी किलोमागे तासाला एक मिलिलिटर व्हायला हवी. कॅथेटर नसेल तर कोरडा लंगोट आधी वजन करून ठेवायचा आणि ओला झाला की पुन्हा करायचा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर. रक्तदाबावर विसंबू नका. मोठ्यांच्या वॉर्डातून आलेल्यांना बीपी नीट दिसला की हायसं वाटतं, पण लेकराचं शरीर शिरा आवळून बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं. एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा बीपी 70 अधिक वयाच्या दुपटीखाली आला की समजा, आपण बराच वेळ वाया घालवलाय. आणि सॅच्युरेशनचा प्रोब, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा, पायाच्या थंड बोटावर खोटं बोलतो. आधी पाय गरम करा, मग घाबरा.

कुपोषित लेकरू आलं, मेळघाटातून असो की आमच्याच तालुक्यातून, तर दारातच साखर तपासायची. 54 च्या खाली असेल तर बाकी सगळं नंतर. अशा बाळाला तापही येत नाही, ते नुसतं गार पडत जातं. पहिल्या महिन्यात मी अशा एका बाळाला 'शांत झोपलंय' असं हँडओव्हरमध्ये सांगितलं होतं. ते झोपलेलं नव्हतं. बाळ वाचलं, पण तो शब्द मी परत कधी वापरला नाही. 'हाक दिल्यावर डोळे उघडतं' किंवा 'उघडत नाही', एवढंच लिहिते.

आता सलाइनचं. ताप, गार हातपाय, मंद झालेलं लेकरू दिसलं की सलाइन फास्ट सोडायचं, हे आमच्या हातात बसलेलं होतं. 2011 मध्ये फीस्ट नावाचा अभ्यास छापून आला. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या 3,141 आजारी लेकरांवर तो झाला होता. ज्यांना भराभर सलाइन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण) दिलं, त्यांच्यातली साधारण साडेदहा टक्के 48 तासांत गेली. ज्यांना तसं दिलं नाही, त्यांच्यातली 7.3 टक्के. म्हणजे आपण जीव तोडून करत होतो ती गोष्टच काहींना भारी पडत होती. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, ही गोष्ट विसरू नका. 2020 च्या सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनण्याच्या, मार्गदर्शक सूचना म्हणूनच दोन ठिकाणांसाठी दोन वाटा सांगतात. अतिदक्षता कक्ष असेल तर किलोला 10 ते 20 मिली असं थोडं थोडं देत, दर वेळी तपासत पुढे जायचं. तशी सोय नसेल आणि बीपी ठीक असेल तर बोलस, म्हणजे असं भराभर सलाइन, द्यायचाच नाही. आमचा कक्ष या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो: दुपारी बारा वाजता पहिल्या प्रकारात, रात्री तीन वाजता दुसऱ्या. किती द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. पण प्रत्येक बोलसनंतर श्वास वाढला का, फुप्फुसात बुडबुड आवाज येतो का, यकृत बरगडीखाली उतरलं का, हे बघायला लेकराजवळ उभं तुम्हीच असणार. आणि पंप कमी पडले तर मायक्रोड्रिप सेटचं, म्हणजे बारीक थेंब सोडणाऱ्या सलाइनच्या नळीचं, गणित पाठ ठेवा: 60 थेंबांचा एक मिली, म्हणून तासाला जितके मिली हवेत तितके थेंब मिनिटाला.

पहिल्याच दिवशी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह आणि आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे, ते हात लावून बघून या. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्यात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. लांबून नुसतं दाखवलेलं सिलिंडर अंधारात सापडत नाही.

आमच्याकडचे आजार ऋतूप्रमाणे येतात. कपाशीवर फवारणी सुरू झाली की कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं औषध प्यायलेली लेकरं येतात. तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. कपडे काढा, साबणपाण्याने धुवा, आधी स्वतः ग्लोव्हज घाला. ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, छाती कोरडी होईपर्यंत वाढवत न्यायचं असतं. बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचं नसतं. रॉकेल प्यायलेल्याला मात्र उलटी करवायची नाही, नळी घालून पोटही धुवायचं नाही. आई मिठाचं पाणी पाजत पाजतच घेऊन येते, तिच्यावर ओरडू नका.

जून-जुलैत ताप आणि झटके येऊन काही तासांत बेशुद्ध झालेलं लेकरू आलं की आमच्या डॉक्टरांच्या तोंडी चांदीपुरा येतो. हा विषाणू 1965 मध्ये आपल्याच नागपूर भागात पहिल्यांदा सापडला, नावही इथल्याच गावाचं. त्याच्यावर नेमकं औषध नाही. झटके थांबवणं, साखर सांभाळणं, डोकं 30 अंश वर ठेवणं, मान सरळ ठेवणं, बस. पावसाळा उतरताना स्क्रब टायफस, म्हणजे झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप. 2018 मध्ये नागपूर विभागात त्याची मोठी साथ आली होती. सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग काखेत, जांघेत, कानामागे लपलेला असतो. आमच्या कक्षात तो बहुतेक वेळा अंग पुसताना सिस्टरलाच सापडला आहे. तो दिसला की डॉक्सिसायक्लिन सुरू होतं आणि दोन दिवसांत ताप उतरतो. अंग पुसणं हलकं काम म्हणून मावशीवर ढकलू नका, हे सांगायचं होतं.

एक केस सविस्तर सांगते. सप्टेंबरातली पहाट. नऊ वर्षांची मुलगी, जमिनीवर चटई टाकून झोपलेली. चार वाजता पोट दुखायला लागलं, एक उलटी झाली. वडील म्हणाले, "गॅस झाला असन म्हनून ओवा देल्ला." आमच्याकडे आली तेव्हा पापण्या पडलेल्या, लाळ गिळता येत नव्हती, अंगावर दात कुठेच दिसत नव्हते. हा मण्यार. चावलेलं दुखत नाही, सूजही येत नाही. सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा वायल (बाटल्या) लावल्या. लेकरू लहान म्हणून अँटी स्नेक व्हेनमचा डोस लहान होत नाही, कारण सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. अर्ध्या तासात श्वास गेला. नळी घातली, व्हेंटिलेटरवर घेतलं. बाहुल्या मोठ्या, उजेड मारला तरी हलत नव्हत्या. आजीने दारातच बसकण मारली, "गेली माय माही." एका नवीन ब्रदरनेही माझ्याकडे बघून मान हलवली.

मण्यार स्नायू बंद पाडतो, मेंदू नाही. ते लेकरू जागं असतं. तिसऱ्या दिवशी तिचं बोट हललं, पाचव्या दिवशी नळी काढली. घोगऱ्या आवाजात तिचा मला पहिला प्रश्न होता, "सिस्टर, तुमची भिशी लागली का?" तिच्या उशाशी उभ्या राहून आम्ही दोघी भिशीच्या नंबरावरून बोललो होतो, ते सगळं तिने ऐकलं होतं. आजीचं रडणंही. "मले सांगाचं होतं का मी हाव, पन तोंडच नाही उघडलं." तेव्हापासून सक्शन करण्याआधी, म्हणजे नळीतला कफ ओढून काढण्याआधी, मी प्रत्येक लेकराला नावाने हाक मारून काय करणार ते सांगते. सीनियर लोक हसतात. हसू देत.

आमच्या रजिस्टरमध्ये शेवटचे चार रकाने आहेत: सुटी, रेफर, डामा, मृत्यू. नवीन मुली मृत्यूच्या रकान्याला घाबरतात. मला डामाची भीती वाटते. सल्ला न जुमानता सही करून घेऊन गेले, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. पुढे काय झालं ते कुणालाच कळत नाही. आधी मला वाटायचं, अडाणीपणा आहे. मग एका बापाने हिशोब सांगितला: घरी दुसरं लहान, म्हैस, पेरणी अर्धी, इथे रोजचं खाणं. आणि खाली बघत म्हणाला, "मेलं तं न्याले गाडी कोन देते जी?" तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते की जेवणाची सोय कुठे होते, 108 कशासाठी आहे, आणि हो, शववाहिकेचंही. अभद्र वाटतं, पण माझ्या पाळीत सह्या कमी झाल्या.

सुटीचा रकानाही पूर्ण खरा नसतो. व्हेंटिलेटरवरून उठलेलं लेकरू महिनाभर नीट चालत नाही, रात्री किंचाळून उठतं, पांढरा कोट दिसला की मुततं. आईबापाची झोप उडालेली असते. सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) लेकरू छातीच्या दुखण्यातून वाचतं आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या संपल्या की तीन महिन्यांनी तसंच परत येतं. म्हणून सुटीच्या कागदावर पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी टाका, म्हणजे येणं होतं. आशाताईचा नंबर लिहून घ्या.

शिक्षणाचं थोडक्यात: जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालं की इथे येता येतं. पुढे क्रिटिकल केअरमध्ये एका वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. पाल्सचा, म्हणजे अत्यवस्थ लेकराचा जीव वाचवायला शिकवणारा, कोर्स मिळाला तर सुटी टाकूनही करा. कंत्राटी असाल तर पगार उशिरा होतो, दोन महिन्यांचं किराणा भरून ठेवा.

ती मण्यारवाली मुलगी महिन्याने दाखवायला आली. मी वडिलांना बजावलं होतं की हिला खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. त्यांनी फोनमध्ये फोटो दाखवला. खाट होती, मच्छरदाणी नीट खोचलेली होती, आत मुलगी. खाटेखाली चटईवर कुणीतरी पांघरूण घेऊन झोपलेलं.

"हे कोण?"

"मीच तं हाव," ते म्हणाले. "खाट एकच हाय जी."