मॉरोविंडला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

‘तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाताना दिसते, तरी वार लागत नाही. गेमच बिघडलेला आहे.’ मॉरोविंड हा रोल-प्लेइंग कॉम्प्युटर गेम २००२ साली आला, तेव्हापासून ही तक्रार चालू आहे. तक्रार करणारे बरेचसे सेडा नीन या पहिल्या गावाच्या फारसे पुढे गेलेले नसतात. गेममध्ये खरे दोष आहेत, पण वार चुकण्यामागे सरळ हिशोब आहे आणि तो कुणालाही समजण्यासारखा आहे.

नेहमीचा घोळ असा होतो. खेळाडू रेडगार्ड वंशाचा योद्धा निवडतो, लाँग ब्लेड (लांब तलवार) मेजर म्हणजे मुख्य स्किलमध्ये ठेवतो. जनगणना कचेरीतल्या टेबलावर लोखंडी खंजीर दिसतो, तो उचलतो आणि धावत सुटतो. गावाला लागूनच अडामासार्टस ही तस्करांची गुहा आहे. तिथवर पळतच जातो, पळतच आत शिरतो आणि पहिल्याच तस्करावर भराभर क्लिक करत सुटतो. वारामागून वार हवेत जातात, पात्र मरतं, गेम अनइन्स्टॉल.

आता आकडे मांडू. शस्त्राचं स्किल, अधिक अ‍ॅजिलिटीचा (चपळतेचा) पाचवा भाग, अधिक लकचा (नशिबाचा) दहावा भाग. या बेरजेला फटीगच्या, म्हणजे अंगात किती दम उरला आहे ते दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीनुसार गुणायचं: पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५ ने, रिकामी असेल तर ०.७५ ने. येईल त्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद वजा होते. उरेल ती वार लागण्याची टक्केवारी.

या रेडगार्डचं लाँग ब्लेड मेजरचे ३०, कॉम्बॅट स्पेशलायझेशनचे ५ आणि वंशाचे १५ मिळून ५० आहे. अ‍ॅजिलिटी आणि लक प्रत्येकी ४० धरले तर ८ आणि ४ मिळतात, एकूण ६२. दमलेला नसेल तर हेच ७७ च्या वर जातं. खंजीर मात्र शॉर्ट ब्लेड (आखूड पातं) या वेगळ्या स्किलमध्ये मोडतो. तिथे त्याच्याकडे जेमतेम १० आहेत, बेरीज २२. धावून पट्टी रिकामी झालेली, म्हणजे उरले १६. त्यातूनही वजाबाकी व्हायचीच आहे! पात्राला जे येत नाही ते दमलेल्या अवस्थेत करायला लावलं, आणि गेमने त्याचं खरं उत्तर दिलं.

उपाय साधा आहे. मेजर स्किलमध्ये जे आहे तेच शस्त्र हातात घ्या. गावातल्या अरिलच्या दुकानात साधी लोखंडी शस्त्रं मिळतात. गुहेच्या दाराशी थांबा, ‘टी’ दाबून एक तास आराम करा, पट्टी भरली की आत जा. माउसचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबू नका, हात पूर्ण मागे जाईपर्यंत धरून ठेवा, नाहीतर वार लागला तरी कमीत कमी इजा होते. सेटिंगमधला ‘नेहमी सर्वोत्तम वार’ हा पर्याय चालू करा. सॉल्टराइस हे गेममधलं धान्य आणि ब्रेड खलबत्त्यात घालून फटीग भरणारी औषधं करता येतात, त्यांच्या चार-पाच बाटल्या जवळ असू द्या. आणि ही हिरवी पट्टी फक्त लढाईपुरती नाही. मंत्र फसणं, घासाघीस, लोकांचं मन वळवणं, सगळं तिच्यावर चालतं. गेम हे कुठे धड सांगत नाही, ही टीका मात्र शंभर टक्के मान्य.

दुसरी तक्रार: ‘कुठे जायचं तेच कळत नाही.’ कळतं, पण वाचावं लागतं. नकाशावर बाण नाही, कारण माणसं तोंडी वाट सांगतात. उदाहरणार्थ, बाल्मोरा शहरात मुख्य कथेची कामं देणारा कायस कोसाडेस तुम्हाला हॅस्फाट नावाच्या माणसाकडे पाठवतो. हॅस्फाटला आर्क्नगथँड या अवशेषांमधली ड्वेमर (नामशेष झालेले बुटके लोक) कोड्याची पेटी हवी असते. वाट मूनमॉथ किल्ल्यावरून, पुढे फोयाडा मामिया या घळीवरच्या जुन्या पुलापलीकडे. इथे लोक दोनदा अडतात. आधी अवशेषांचं दार उघडत नाही, कारण ते जवळच्या पाइपवरची कळ फिरवल्यावर उघडतं आणि पाइपकडे कुणी बघतच नाही. मग आत पेटी सापडत नाही, कारण सगळे मोठा पेटारा शोधत असतात. ती शेल्फवर ठेवलेली छोटी चौकोनी वस्तू आहे. खोलीत शिरल्यावर प्रत्येक फळीवरून नजर सावकाश फिरवा. जर्नलचा, म्हणजे गेममधल्या नोंदवहीचा पसारा मूळ आवृत्तीत खरंच त्रासदायक होता. ट्रायब्युनल या नंतरच्या विस्तारात क्वेस्टप्रमाणे (कामगिरीनुसार) यादी आली, तीच वापरा.

बाकीच्या चुका भराभर.

चालून चालून कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी सिल्ट स्ट्रायडर (प्रवासी नेणारे महाकाय किडे), होड्या आणि मेजेस गिल्डचे (जादूगार संघाचे) क्षणात दुसऱ्या गावी पोहोचवणारे गाइड वापरलेले नसतात. मार्क (जागेवर खूण करणारा) आणि रिकॉल (त्या खुणेवर परत आणणारा) हे दोन मंत्र लवकर घ्या.

मॅजिका, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, आपोआप भरत नाही. झोपा किंवा औषध प्या. अ‍ॅट्रोनाक ही जन्मराशी निवडली तर झोपूनही भरत नाही, त्यामुळे पहिल्या खेळात ती नकोच.

एन्ड्युरन्स (सहनशक्ती) सुरुवातीलाच वाढवा. दर लेव्हलला त्याच्या दहाव्या भागाइतकं हेल्थ मिळतं आणि मागचं भरून मिळत नाही. पण प्रत्येक लेव्हलला गुण वाढवताना मिळणारा सर्वांत मोठा, पाचाचा गुणक मिळवण्यासाठी वही घेऊन बसायची गरज नाही. तो खेळ राहत नाही, हिशोबनिशी होते.

कॅल्डेरा गावातल्या क्रीपर या व्यापारी राक्षसाला पहिल्याच दिवशी गाठू नका. तो पूर्ण किमतीत माल घेतो आणि पैशाची सगळी ओढच संपते. मग हेच लोक गेम सोपा असल्याचं सांगत फिरतात.

झोपेत येणारे डार्क ब्रदरहूडचे मारेकरी ट्रायब्युनलमुळे फारच लवकर येतात. हा दोष आहे, त्यांना उशिरा आणणारा छोटा मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) टाका. मात्र पहिल्याच खेळाला शंभर मॉड भरू नका. ओपनएमडब्ल्यू हे गेम चालवणारं चाहत्यांचं नवं इंजिन पुरे, त्यासाठी मूळ गेमच्या फाइल्स लागतात.

सेडा नीनबाहेर आकाशातून पडणाऱ्या टार्हिएल या जादूगाराजवळ तीन स्क्रोल (मंत्राच्या गुंडाळ्या) मिळतात. त्यांनी अ‍ॅक्रोबॅटिक्स म्हणजे उडी मारण्याचं स्किल १००० ने वाढतं, पण फक्त ७ सेकंद. एक वाचून उडी मारा आणि जमीन जवळ आली की पाय टेकायच्या आत दुसरं वाचा, नाहीतर पडून मराल.