मार्चअखेरला गुंतवणूक आणि व्याजाच्या स्वॅपची फेअर व्हॅल्यू कशी काढायची

"व्याज वाढू नये म्हणून बँकेनं सांगितलं तसा स्वॅप केला, आता तुम्ही म्हणताय सोळा लाखाचं देणं दाखवा, हे काय नवीनच?" आमच्या मालकांनी टेबलापाशी उभं राहून विचारलं तेव्हा माझ्याकडं एका वाक्यात सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. (स्वॅप म्हणजे बँकेशी केलेली व्याजाची अदलाबदल, आपण ठरलेल्या दरानं द्यायचं आणि बँकेनं बदलत्या दरानं.) अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना, मी तिथं हिशोब बघतो. सुताचा स्टॉक मोजणं आणि जीएसटीचं रिटर्न भरणं हे रोजचंच, पण हे फेअर व्हॅल्यूचं प्रकरण वर्षातून एकदा येतंय आणि तेवढ्यात सगळं विसरून जातंय. म्हणून मी जसं करतो तसं एकदा लिहून ठेवतोय.

आधी बघा की तुम्हाला हे लागू आहे का. इंड एएस (हिशोबाची नवी मानकं) लागतं ते लिस्टेड कंपन्यांना (एसएमई एक्स्चेंजवरच्या सोडून), २५० कोटी किंवा जास्त नेटवर्थ असलेल्या अनलिस्टेड कंपन्यांना, आणि अशा कंपन्यांच्या होल्डिंग, सब्सिडियरी, असोसिएट कंपन्यांना. आमचा ग्रुप त्यात येतो. सोलापुरातले बहुतेक कारखाने यात बसत नाहीत, त्यांना जुनं एएस १३ आहे, म्हणजे चालू गुंतवणूक खरेदी किंमत आणि फेअर व्हॅल्यू यातली कमी असेल त्या रकमेला, आणि लांब मुदतीची खरेदी किमतीलाच, कायमची घट झाली असेल तरच कमी करायची. पण एक गोष्ट इथं लोक हमखास विसरतात, लहान कंपनीनं स्वॅप किंवा ऑप्शन घेतला असेल तर आयसीएआयची (सीए लोकांच्या संस्थेची) डेरिव्हेटिव्हवरची, म्हणजे अशा करारांवरची, गाइडन्स नोट १ एप्रिल २०१६ पासून आहे, आणि तिच्यात डेरिव्हेटिव्ह फेअर व्हॅल्यूलाच ताळेबंदात आणायला लावलंय. त्यामुळे "आम्ही छोटे आहोत" म्हणून स्वॅप फाइलमध्ये दाबून ठेवता येत नाही.

आता फेअर व्हॅल्यू म्हणजे काय ते एकदा डोक्यात बसवा. आपण काय दिलं ते नाही, मालकांना काय वाटतंय ते तर नाहीच, त्या तारखेला बाजारात नेहमीसारखा व्यवहार करून विकायला गेलो तर काय हातात येईल ते. मी हे कांद्यावरून समजलो. मोहोळच्या शेतकऱ्याचा कांदा आहे, सोलापूरच्या मार्केट यार्डात भाव १८०० रुपये क्विंटल, ट्रकभाडं क्विंटलमागं ६०, वर हमाली-तोलाई. इंड एएस ११३ च्या नियमानं ट्रकभाडं वजा करायचं कारण कांदा जिथं आहे तिथून यार्डात आणावाच लागतो, पण हमाली-तोलाई वजा करायची नाही कारण तो विक्रीचा खर्च आहे, मालाचा गुण नाही. म्हणून १७४०. शेअरला ट्रक लागत नाही, पण ब्रोकरेज आणि एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) म्हणजे हमाली-तोलाईच, ते वजा करू नका. फरक एकच आहे. कांद्याच्या पन्नास गाड्या एकदम आणल्या तर भाव पडतो हे यार्डात कुणालाही माहीत, पण लिस्टेड शेअरचा तुमच्याकडं कितीही मोठा गठ्ठा असला तरी भाव गुणिले संख्या एवढंच, "एवढे विकले तर पडेल" म्हणून डिस्काउंट घेता येत नाही.

मग हातातली प्रत्येक गुंतवणूक कुठल्या डब्यात जाते ते ठरवायचं. इंड एएस १०९ मध्ये डबे तीन आहेत, अमॉर्टाइज्ड कॉस्ट (बाजारभाव न बघता मूळ रक्कम आणि व्याजाच्या हिशोबानं), ओसीआयमधून (नफ्याच्या आकड्याबाहेर दाखवायचा फायदा-तोटा) फेअर व्हॅल्यू आणि पीअँडएलमधून (नफा-तोटा पत्रक) फेअर व्हॅल्यू. बाँडसाठी दोन प्रश्न विचारायचे. हा कागद कशासाठी धरलाय, फक्त व्याज-मुद्दल गोळा करायला, का गोळाही करायचं आणि गरज पडली तर विकायचंही? आणि त्यातून येणारा पैसा निव्वळ मुद्दल आणि त्यावरचं व्याज एवढाच आहे का? मुदतीपर्यंत धरायचा साधा बाँड किंवा एफडी पहिल्या डब्यात, धरायचा आणि विकायचाही असा बाँड दुसऱ्या, उरलेलं सगळं तिसऱ्या. डेट म्युच्युअल फंड लोक दुसऱ्या डब्यात टाकतात, नावात डेट आहे म्हणून, पण फंडाच्या युनिटमधून येणारा पैसा मुद्दल आणि व्याज नसतो, एनएव्ही (युनिटचा त्या दिवसाचा भाव) असते, त्यामुळे लिक्विड फंडसुद्धा तिसऱ्या डब्यातच, फायदा-तोटा सरळ पीअँडएलला.

शेअरचं वेगळं. ते मूळ तिसऱ्या डब्यातलेच, पण व्यापारासाठी घेतलेले नसतील तर घेतानाच ओसीआयचा पर्याय निवडता येतो. एकदा निवडला की परत फिरता येत नाही, आणि पुढं शेअर विकून कितीही कमावलं तरी तो फायदा पीअँडएलमध्ये कधीच येत नाही. बाँडचं उलट, विकला की ओसीआयमध्ये साठलेलं पीअँडएलला येतं. आमच्याकडं एकदा जुने शेअर चांगल्या भावात विकले आणि मालकांनी "यंदा प्रॉफिट वाढला" म्हणून नव्या पेठेतून पेढे मागवले, पेढे खाऊन झाल्यावर मला सांगावं लागलं की तो प्रॉफिटच्या आकड्यात दिसणार नाही.

भाव गोळा करताना मी एक वही घालतो, प्रत्येक कागदापुढं भाव, भावाची तारीख आणि तो कुठून घेतला. चालू बाजारातला त्याच कागदाचा भाव मिळाला तर लेव्हल १, तो नाही पण बाजारात दिसणारे व्याजदर वगैरे वापरून काढला तर लेव्हल २, आणि आपलाच अंदाज मोठा असेल तर लेव्हल ३. हिशोबात जो सगळ्यात खालचा आणि आकड्यावर खरा फरक पाडणारा इनपुट असेल त्याची लेव्हल पूर्ण आकड्याला लागते, नऊ आकडे बाजारातले आणि दहावा आपल्या मनचा पण तोच मोठा, तर ते लेव्हल ३. आमच्याकडं लेव्हल ३ मध्ये एकच चीज आहे, सहकारी बँकेचे लिंकिंग शेअर, कर्ज घेताना घ्यावे लागतात ते. त्यांचा बाजारच नाही, बँक परत घेते ते दर्शनी किमतीला, त्यामुळे आम्ही दर्शनी किंमतच धरतो आणि का धरली ते दोन ओळीत लिहून ठेवतो. ऑडिटर त्या दोन ओळीच मागतो.

तारीख नीट बघा. ३१ मार्च २०२४ ला रविवार होता आणि त्याआधी शुक्रवारी गुड फ्रायडे, ३१ मार्च २०२५ ला ईदची सुट्टी आणि आधी शनिवार-रविवार, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं शेअरचा शेवटचा भाव २८ मार्चचा. पोरांनी एकदा १ एप्रिलचा भाव टाकला होता, जवळचा दिवस म्हणून. जवळचा नको, आधीचा पाहिजे.

सरकारी रोख्यांसाठी एफबीआयएल (बाजाराचे प्रमाण दर काढणारी संस्था) रोज भाव जाहीर करतं, तो घ्या, पण तो क्लीन प्राइस असतो, व्याज धरलेलं नसतं. इथं मी स्वतः चुकलोय. २ कोटी दर्शनी किमतीचा रोखा, ७.२० टक्के कुपन (रोख्यावरचं व्याज), शेवटचं कुपन डिसेंबरअखेर मिळालेलं, म्हणजे तीन महिन्यांचं व्याज ३ लाख ६० हजार जमलेलं. ते मी येणे व्याज म्हणून वेगळं दाखवलं होतंच, आणि एका ब्रोकरकडून आलेल्या भावात ते परत मिसळलेलं होतं, मी न विचारता तोच भाव लावला. ३.६० लाख दोनदा! तेव्हापासून भाव देणाऱ्याला पहिला प्रश्न, "व्याजासकट का व्याजाशिवाय?"

आता स्वॅप, म्हणजे मालकांचा सोळा लाखाचा प्रश्न. आकडे समजायला सोपे घेतो. १० कोटीचं टर्म लोन, फ्लोटिंग व्याज. दर वाढतील या भीतीनं स्वॅप केला, आपण बँकेला ६.५० टक्के फिक्स द्यायचे आणि बँक आपल्याला फ्लोटिंग देणार. झालं उलटं, रेपो फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० वरून ६.२५ वर, एप्रिलमध्ये ६ वर आणि जूनमध्ये ५.५० वर आला. समजा ताळेबंदाच्या तारखेला तीन वर्षं राहिलीत आणि आज नवीन तीन वर्षांचा तसाच स्वॅप ५.९० टक्क्यांना मिळतोय. म्हणजे आपण दरवर्षी ०.६० टक्के जास्त देणार, १० कोटीवर ६ लाख, तीन वर्षं. हे ६-६ लाख आजच्या किमतीत आणायचे, ५.९० टक्क्यांच्या दरानं, म्हणजे दरवर्षासाठी एकदा १.०५९ नं भागत जायचं: पहिल्या वर्षाचे ५.६७, दुसऱ्याचे ५.३५, तिसऱ्याचे ५.०५ लाख. बेरीज १६.०७ लाख. झालं, एवढंच देणं. खऱ्या हिशोबात प्रत्येक मुदतीचा दर वेगळा असतो, तो ओआयएसच्या कर्व्हवरून (बाजारातल्या व्याजाच्या स्वॅपचे मुदतवार दर) घ्यायचा, आणि आपण देणेकरी असल्यामुळे आपल्या स्वतःच्या पतपात्रतेचं (आपण पैसे चुकवण्याच्या शक्यतेचं) थोडं समायोजन करायचं, त्यानं आकडा जरासा कमी होतो. हे लेव्हल २ मध्ये बसतं.

बँक मार्चअखेरला एमटीएमचं (स्वॅपच्या त्या दिवसाच्या बाजार किमतीचं) पत्र देते, ते घ्याच, पण चिन्ह बघून घ्या. पत्र बँकेच्या बाजूनं लिहिलेलं असेल तर त्यांचं प्लस म्हणजे आपलं मायनस. आणि पत्र आलं म्हणून आपला हिशोब सोडू नका, वरच्यासारखा ढोबळ काढला तरी पत्रातला आकडा जवळपास आहे का ते कळतं.

हा १६.०७ लाखाचा तोटा जायचा कुठं? हेज अकाउंटिंग (स्वॅप आणि त्यानं सांभाळलेलं कर्ज यांचा हिशोब जोडून करणं) नसेल तर सगळा पीअँडएलला. असेल तर, आपला फ्लोटिंगवरून फिक्सवर जाणारा स्वॅप कॅश फ्लो हेज (पुढं द्यायच्या व्याजाची रक्कम पक्की करणारा) असल्यामुळे, परिणामकारक (कर्जाशी जुळणारा) भाग ओसीआयमध्ये कॅश फ्लो हेज रिझर्व्हला. (फिक्स व्याजाचं कर्ज स्वॅप करून फ्लोटिंगवर नेलं तर ते फेअर व्हॅल्यू हेज, तिथं स्वॅपचा आणि कर्जाचा दोन्हीचा फरक पीअँडएलला जातो आणि एकमेकाला खातो.)

पण हेज अकाउंटिंग फुकट मिळत नाही, कागद लागतो आणि तो पहिल्या दिवशी लागतो. कुठलं कर्ज, कुठला स्वॅप, कुठला धोका, प्रमाण किती, दोघांचं एकमेकाशी नातं काय, परिणामकारकता कशी तपासणार आणि कुठं कुठं जुळणार नाही, हे सगळं त्यात. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथं स्वॅप जुलैत केला आणि नोट ऑक्टोबरात लिहिली, वर तारीख मात्र जुलैची टाकायची असं ठरत होतं. फाइलचे ईमेल ऑक्टोबरचेच निघाले. मधल्या तीन महिन्यांचा सगळा फरक पीअँडएलला गेला, आणि ऑक्टोबरात स्वॅपची किंमत शून्य नव्हती म्हणून पुढंही दर तिमाहीला थोडं थोडं न जुळणारं निघत राहिलं. अजून एक, ८० ते १२५ टक्क्यांची जुनी चाचणी (स्वॅपचा बदल कर्जाच्या बदलाच्या एवढ्या टक्क्यांत बसतो का ते बघणारी) इंड एएस १०९ मध्ये नाही, तरी बऱ्याच एक्सेलमध्ये ती अजून लाल-हिरव्या रंगात बसलेली असते. ती पास झाली म्हणजे काम झालं असं नाही.

आताच्या आमच्या कारखान्यात न जुळण्याचं कारण हे होतं की कर्ज रेपोला बांधलेलं आणि स्वॅप मायबॉरला (बँकांमधल्या आपसातल्या उसनवारीचा दर). दोन्ही साधारण एकाच दिशेनं जातात, पण पावलाला पाऊल नाही. म्हणून कर्जाशी तंतोतंत जुळणारा एक काल्पनिक स्वॅप कागदावर मांडायचा आणि त्याची किंमत काढायची. समजा तो १५.२० लाख निघाला आणि खरा १६.०७. दोघातला कमी तेवढाच रिझर्व्हला, म्हणजे १५.२०, उरलेले ०.८७ लाख पीअँडएलला. एंट्री अशी: कॅश फ्लो हेज रिझर्व्ह डेबिट १५.२०, फायदा-तोटा डेबिट ०.८७, डेरिव्हेटिव्ह देणं क्रेडिट १६.०७. उलट झालं, खरा स्वॅप कमी आणि काल्पनिक जास्त, तर पीअँडएलला काहीच नाही, पूर्ण खरा आकडा रिझर्व्हला. रिझर्व्हवर डिफर्ड टॅक्स (पुढं लागणारा किंवा वाचणारा कर) लावायला विसरू नका, २५.१६८ टक्के दर असेल तर १५.२० वर साधारण ३.८३ लाख, तोही ओसीआयमध्येच.

मालकांना शेवटी मी हे एका कागदावर काढून दाखवलं. दर इथंच थांबले असं धरा. आज देणं १६.०७ लाख, एक वर्षानं त्यावर ५.९० टक्क्यांनी ०.९५ वाढणार आणि आपण ६ लाख भरणार, राहिले ११.०२. पुढच्या वर्षी ५.६७. तिसऱ्या वर्षी शून्य. दरवर्षी भरलेले ६ लाख व्याजखर्चात येणार, आणि त्याच वर्षी मूळ कर्जाचं व्याज तेवढंच कमी लागलेलं असणार, कारण दर पडलेत. बेरीज केली की ठरलं होतं तेच, ६.५० अधिक बँकेचं मार्जिन. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे मी वाचवलेलं व्याज तुम्ही मला दाखवतच नाही, नुसतं देणं दाखवताय." खरं आहे, कर्ज अमॉर्टाइज्ड कॉस्टला असतंय, त्याच्या पुढच्या कमी व्याजाची एंट्री ताळेबंदात कुठंच नसते, म्हणून तर रिझर्व्हचा डबा केलाय. नोट्समध्ये मी आता लेव्हलच्या तक्त्याखाली एक ओळ जास्तीची टाकतो, दर अर्धा टक्का वर-खाली झाले तर स्वॅप किती हलेल आणि कर्जाचं व्याज किती हलेल, दोन्ही शेजारी शेजारी. मालक आता ताळेबंद आला की आधी ती ओळ शोधतात.