लग्नाच्या दिवसाचं संगीत: देवकापासून गृहप्रवेशापर्यंतची तयारी

गाणी निवडायला बसण्याआधी लग्नाच्या दिवसाचा एक कागद करा. त्यावर सगळ्यात आधी लाल पेनाने त्या वेळा लिहा, जेव्हा काहीही वाजणार नाही: संकल्प, मंगलाष्टकं, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, जेवणाआधीचा श्लोक, उखाणे. या ठिकाणी माणसांना शब्द ऐकायचे असतात. संगीताचा विचका बहुतेक वेळा इथेच होतो. गुरुजी सप्तपदीचा मंत्र सांगतायत, स्पीकरवर एखादं प्रेमगीत रंगलंय आणि मुलीचे वडील पुढे वाकून ‘काय म्हणालात?’ असं विचारतायत. शांततेच्या जागा आधी पक्क्या केल्या की उरलेल्या वेळेला नेमकं किती संगीत लागेल, हे मिनिटांत मोजता येतं.

या कागदासाठी गुरुजींना किमान पंधरा दिवस आधी भेटा. देवक आदल्या दिवशी की लग्नाच्या सकाळी, सीमांतपूजन कधी, होम मुहूर्ताआधी की नंतर, हे प्रत्येक घरच्या रीतीने बदलतं. दुसऱ्याच्या लग्नाची यादी उचलून चालत नाही. प्रत्येक विधीपुढे चार गोष्टी लिहा: सुरू व्हायची वेळ, काय वाजणार, आवाज किती आणि इशारा कोण देणार. चार प्रती काढा. एक गुरुजींना, एक साउंडवाल्याला, एक वाजंत्र्यांच्या म्होरक्याला, एक व्हिडिओवाल्याला. इशारा देणारी व्यक्ती जवळच्या नात्यातली नको. मामा, काका, करवली यांना ऐन वेळी फोटोसाठी किंवा विधीसाठी बोलावणं येतंच. एखादा शांत डोक्याचा मित्र किंवा ऑफिसातली मैत्रीण बरी.

सकाळ सनईची. खरे वाजंत्री परवडत असतील तर तेच बोलवा, कारण दारातली सनई जशी ऐकू येते तशी स्पीकरमधली येत नाही. सुपारी देताना तोंडी बोलून सोडू नका. माणसं किती (एक मुख्य सनई, एक सूर धरणारा आणि तालाला चौघडा किंवा संबळ, इतकं तरी हवंच), किती वाजता हजर, एकूण किती तास, प्रवासखर्च आणि जेवण कोणाकडे, हे सगळं लिहून घ्या. सोलापूरकडची मंडळी असतील तर सुंद्रीची चौकशी जरूर करा. सनईपेक्षा आखूड असलेलं हे वाद्य लहान कार्यालयात फार गोड वाटतं. वाजवणाऱ्याचा सगळा जोर श्वासावर आणि पत्तीवर (तोंडात धरायच्या जिभलीवर) असतो, त्यामुळे सलग दोन तास वाजवायला सांगू नका. पाऊण तास वादन, पंधरा मिनिटं चहा, असा हिशेब ठेवा. मधल्या वेळेला रेकॉर्डिंग लावायचं तर तेही सनईचंच लावा. खऱ्या सनईनंतर लगेच सिंथेसायझर कानाला बोचतो. वाजंत्र्यांना प्रवेशदाराच्या बाजूला बसवा, जुन्या कार्यालयात दारावर माडी असेल तर तिथे. चौघड्यापुढे माइक ठेवायची गरज नसते.

रेकॉर्डिंगवरच भागवायचं असेल तर राग वेळेनुसार लावा. जाणकार पाहुणे हे लगेच ओळखतात आणि बाकीच्यांनाही नाव सांगता आलं नाही तरी फरक जाणवतो. देवक आणि पुण्याहवाचनाच्या सुमारास भैरव, अहिर भैरव. पाहुणे यायला लागले की तोडी, मग देसकार, अल्हैया बिलावल. दुपारच्या पंगतीला वृंदावनी सारंग. उतरत्या दुपारी भीमपलास, पटदीप. गोरज मुहूर्त असेल तर पूरिया धनाश्री आणि दिवे लागल्यावर यमन, भूप, हंसध्वनी. जोगिया आणि मारवा लग्नात टाळावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. राग म्हणून ते थोरच, पण एकात विरक्ती आहे आणि दुसऱ्यात हुरहूर. भैरवी सकाळची असली तरी आपल्याकडे मैफल संपवायला गातात, म्हणून ती सुरुवातीला नको. सनईच्या संग्रहात तीच बऱ्याचदा हाताला लागते, तेव्हा फाइल निवडताना नाव पाहून घ्या. पूर्ण रागाचा एक ट्रॅक साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचा मिळतो. दोन तासांना पाच-सहा ट्रॅक पुरतात. एकच ट्रॅक फिरवत ठेवला तर तिसऱ्या फेरीला सगळं कार्यालय कंटाळतं.

हळद आणि घाणा यांना स्पीकरची गरज नाही, गाणाऱ्या बायका लागतात. घाण्याच्या ओव्या येणाऱ्या दोन-तीन आजी, मावश्या, आत्या कोण आहेत ते महिनाभर आधी विचारून ठेवा. त्यांच्याकडून ओव्या फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि मोठ्या अक्षरात छापा. मग बाकीच्यांना मागून म्हणता येतं. रेकॉर्ड केलेली गाणी हळद लावून झाल्यावर, नाचायला. तोवर मोबाइल स्पीकर बंदच असू द्या.

वरातीचं गणित उलटं, मुहूर्तापासून मागे मोजा. मुहूर्त ११:४७चा असेल तर नवरदेव १०:४५ला कार्यालयाच्या दारात हवा, कारण ओवाळणं, कपडे बदलणं, गौरीहरापाशी पोचणं यात तास जातोच. नाचत निघालेली वरात तीनशे मीटरला अर्धा तास सहज खाते. ढोल-ताशा, ब्रास बँड, बँजो, कोल्हापूरकडे हलगी, कोकणात खालू बाजा, जे असेल ते असो, दाराच्या वीस-पंचवीस पावलं आधी थांबवा. कमानीखाली ढोल घुमतो, आणि तिथे ओवाळणाऱ्या सासूबाईंचं बोलणं कोणालाच ऐकू येत नाही. घोडा असेल तर त्याच्या मालकाला वाद्य कोणतं ते आधी सांगा आणि ताशा घोड्याच्या अगदी मागे ठेवू नका. ध्वनिक्षेपकासाठी पोलिस ठाण्याची लेखी परवानगी लागते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. रस्ता ठरवताना हे बघा, नाहीतर वरात अर्ध्यात मुकी होते.

आता मंगलाष्टकं. सगळ्या दिवसाचा कस लागतो तो इथे. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात: ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. मांडणी अशी (ल म्हणजे लघु, ऱ्हस्व अक्षर; गा म्हणजे गुरू, दीर्घ अक्षर): गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा. शेवटच्या ओळीतली अखेरची सात अक्षरं म्हणजे ‘कुर्यात् सदा मंगलम्’, म्हणजे तुम्हाला त्या ओळीत बाराच अक्षरं रचायची असतात. घरी रचलेलं मंगलाष्टक अडखळतं ते बहुधा नावांपाशी. समजा, नवरा अनिकेत आणि नवरी मधुरा. ‘अनिकेत’ म्हणजे ल-ल-गा-ल. या वृत्तात ते नाव चौथ्या अक्षरापासूनच बसतं, दुसरीकडे कुठेच नाही. ‘मधुरा’ म्हणजे ल-ल-गा. ती चौथ्यापासूनही बसते आणि दहाव्यापासूनही. नाव जिथे बसत नाही तिथे कोंबलं की गाणारी आत्या त्या जागी अडखळते आणि चाल मोडते. आधी नावांची अक्षरं मोजा, जागा ठरवा, मग बाकीचे शब्द. ‘शुभमंगल सावधान’ वृत्ताच्या बाहेरचं आहे, ते मोजणीत धरू नका.

म्हणणारे सात जण पुरेत, प्रत्येकी एक कडवं. पट्टी, म्हणजे पेटीवरचा कोणता सूर ‘सा’ धरायचा, ते आधी ठरवा. पुरुषांना काळी एक-दोन, बायकांना काळी चार-पाच साधारण सोयीची पडते. आलटून पालटून गायलं की प्रत्येक वेळी सूर नव्याने शोधावा लागतो. म्हणून आधी सगळे पुरुष, मग सगळ्या बायका, असा क्रम लावा. फोनवरच्या तानपुऱ्याने पट्टी ऐकवून मग माइक हातात द्या. संथ चालीत एक कडवं ‘सावधान’सकट सुमारे एका मिनिटाचं होतं. सात कडवी, शेवटचं ‘तदेव लग्नं’ आणि माइक हातोहात फिरण्याचं एक मिनिट, म्हणजे नऊ मिनिटं. ११:४७च्या मुहूर्ताला सुरुवात ११:३८ला. मध्ये उशीर झाला तर कोणतं कडवं गाळायचं ते गुरुजींशी आधीच बोलून ठेवा. ‘तदेव लग्नं’चं वृत्त वेगळं, ओळी आखूड, त्यामुळे चालही बदलते. ते गुरुजींनाच म्हणू द्या. घड्याळ त्यांच्या हातात असतं.

शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि त्याच क्षणी वाद्यं कडाडली पाहिजेत. गुरुजींचं ‘वाजवा रे वाजवा’ दारातल्या वाजंत्र्यांपर्यंत गर्दीत पोचत नाही. मधे एक माणूस उभा करा आणि त्याने हात वर केला की सुरुवात. रेकॉर्डिंग असेल तर सनईचे बहुतेक ट्रॅक संथ आलापाने सुरू होतात. अक्षता पडत असताना आलाप चालू राहिला की सगळा जोर ओसरतो. म्हणून द्रुत (जलद) भागापासून कापलेली वेगळी फाइल करा, सुरुवातीची रिकामी दोन-तीन सेकंदं काढून टाका आणि ‘सावधान’च्या आधी बोट बटणावर ठेवायला सांगा. असं कापायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. नवरी मामाबरोबर बोहल्यावर येते त्या गाण्याचंही हेच. चालायला मिनिट लागतं आणि गाण्याची सुरुवातीची नुसती सुरावटच चाळीस सेकंदांची असते. मुखड्याच्या आधीची पाच सेकंदं ठेवून बाकीचं कापा, ती जागेवर उभी राहिली की तीन सेकंदांत आवाज विरू द्या. आणि ज्या गाण्याची पहिली ओळ आवडली, त्याची शेवटची कडवीही ऐका. पुढे विरह किंवा बेइमानी निघते अशी गाणी लग्नात बरीच वाजतात.

होमाच्या वेळी गुरुजींना कॉलरचा माइक द्या, स्टँडचा नको. आहुती देताना ते सतत हलतात. माइक स्पीकरच्या समोर आला की किंचाळतो, म्हणून स्पीकर बोहल्याच्या पुढच्या रेषेत, तोंड लोकांकडे. कॉर्डलेस माइकचे सेल मंगलाष्टकांच्या अर्धा तास आधी नवे घाला, कालचे ‘अजून चालतायत’ म्हणून ठेवू नका.

फाइली एमपी३ स्वरूपात, फॅट३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर. जुने प्लेअर दुसरं वाचत नाहीत. फाइलींची नावं ०१, ०२ अशा आकड्यांनी सुरू करा, पण कीबोर्डवरचे इंग्रजी आकडे (01, 02) वापरा. काही मिक्सरवर देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. दुसरा पेन ड्राइव्ह दुसऱ्या माणसाच्या खिशात. तिसरी सोय म्हणून फोन, त्यात गाणी उतरवून घेतलेली, फ्लाइट मोडवर आणि वायरने जोडलेला. इंटरनेटवरून थेट लावलं की मधे जाहिरात येते, आणि ब्लूटूथ गर्दीत तुटतं. जुनी सनईची रेकॉर्डिंग्ज हळू आणि आजची गाणी जोरात असतात, म्हणून सगळ्या फाइलींचा आवाज आधी सारखा करून घ्या. मिक्सर आणि लॅपटॉप यूपीएसवर हवेत. वीज जाऊन जनरेटर लागेपर्यंत काही सेकंदंच जातात, पण डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ घेतो. आदल्या संध्याकाळी कार्यालयात जाऊन हे सगळं एकदा वाजवून बघा, एक जण बोहल्यावर आणि एक जण शेवटच्या रांगेत उभा राहून.

पंगतीला आवाज इतकाच की शेजारच्याशी न ओरडता बोलता यावं. दोन मोठे स्पीकर व्यासपीठावर लावले तर पुढच्या पानावरच्यांचे कान किटतात, मागच्यांना ऐकूच येत नाही. चार लहान स्पीकर भिंतींना, कमी आवाजात. नाट्यसंगीत, भावगीतं चालतील. ‘विहीण’ (विहिणींच्या पंगतीत म्हणायचं पारंपरिक गाणं) म्हणायची पद्धत असेल तर विहिणीच्या पंगतीला ती माइकवर म्हणा, साथ नको.

स्वागत समारंभ तीन तासांचा धरला तर चार मिनिटांच्या हिशेबाने पंचेचाळीस गाणी, वर दहा जास्तीची. लोक भेटायला येतात त्या दोन तासांत शब्द नसलेली किंवा हळू गाणी, नाच शेवटच्या तासात. लॉनवर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद, तेव्हा शेवटचं गाणं ९:४५ला. गाणी वाजवण्याच्या परवान्याबद्दल हॉटेलवाले हटकून विचारतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए)मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ धार्मिक विधीत धरले आहेत, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये तसं जाहीरही केलं. तरी हॉल ठरवतानाच त्यांची अट लेखी मागून घ्या, आयत्या दिवशी वाद नको.

पाठवणीला विरहाची गाणी स्पीकरवर लावू नका. आईचा हुंदका आणि वडिलांचे दोन शब्द त्यात बुडतात. सनईवर संथ भीमपलास, तोही गाडीपासून लांब, पुष्कळ झालं. गृहप्रवेश रात्री दहानंतर होत असेल तर सोसायटीत ध्वनिक्षेपक नाहीच. माप ओलांडताना आणि लक्ष्मीपूजनाला आरती घरच्यांनीच म्हणायची. तिच्या छापील प्रती आणि टाळांचे दोन जोड सकाळीच घरी देवापाशी ठेवून निघा.