टॅबलेटवरून मिक्सर चालवताय? आधी नेटवर्क नीट बांधा

वर्धा रोडवरच्या एका लॉनमधलं लग्न. मिक्सर बिनफेडरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या नसलेला, सगळं टॅबलेटवरूनच; तो स्टेजमागे रॅकमध्ये. साउंड चेकला टॅबलेट घेऊन गेटपर्यंत फिरलो, सगळं मस्त. रात्री पाहुणे भरले, अँकरच्या माइकने शिट्टी मारायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी टॅबलेटचं कनेक्शन गेलं. स्टेजमागून पोरगा ओरडतोय, "भाऊ, राउटरचे लाइट तं सारे लागून आहेत!"

लाइट लागून होतेच. राउटर मात्र पडद्याआड जमिनीवर होता, 2.4 गिगाहर्ट्झवर. मध्ये शेकडो माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते हा सिग्नल शोषतं. रिकाम्या लॉनमध्ये केलेल्या चाचणीला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

तेव्हापासून मी पुढच्या क्रमाने जातो.

राउटर स्वतःचा न्या. हॉलच्या किंवा लॉनच्या वायफायवर मिक्सर कधीच टाकू नका. तुमच्या राउटरला इंटरनेटची गरज नाही, त्याचं काम फक्त मिक्सर आणि टॅबलेटची गाठ घालून देणं. पासवर्ड बदला आणि कोणालाही देऊ नका, नवरीच्या मामालाही नाही.

मग पत्ते ठरवा. इथेच बहुतेक पोरं घाबरतात, पण मामला घरनंबरासारखा आहे. राउटर 192.168.1.1, मिक्सर 192.168.1.10, लॅपटॉप 192.168.1.30. टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे (192.168.1) म्हणजे गल्ली, ते सगळ्यांचे सारखे हवेत. शेवटचा म्हणजे घर, तो प्रत्येकाचा वेगळा. सबनेट मास्क, म्हणजे गल्ली कुठे संपते आणि घर कुठून सुरू होतं ते सांगणारा आकडा, सगळीकडे 255.255.255.0. एकच नंबर दोघांना दिला की दोघेही अडखळतात, आणि हा गोंधळ शोधायला फार वेळ जातो.

मिक्सर आणि लॅपटॉपचा पत्ता हाताने पक्का करा. टॅबलेट-फोनला राउटर आपोआप देईल, ती सोय म्हणजे डीएचसीपी. तिला 100 ते 150 एवढीच हद्द आखून द्या, म्हणजे पक्क्या नंबरांशी टक्कर होत नाही. एखाद्या यंत्रावर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला पत्ता देणारा कोणी भेटलेलाच नाही. आधी केबल बघा, मग राउटर.

मिक्सर ते राउटर नेहमी वायर. राउटर स्टँडवर, लोकांच्या डोक्यांच्या वर चढवा आणि शक्यतो तुम्ही उभे असाल त्या बाजूला आणा. लॅन केबल 100 मीटरपर्यंत चालते, तेव्हा कंजुषी नको. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर टाका, चॅनेल ऑटोवर न सोडता 36 ते 48 मधला एक निवडा. टॅबलेटमध्ये सिम असेल तर मोबाइल डेटा बंद. नाहीतर "या वायफायवर इंटरनेट नाही" असं ठरवून तो गुपचूप मोबाइल नेटवर्ककडे वळतो.

आता तपासा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पिंग लिहून पुढे मिक्सरचा पत्ता द्या. वायरवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येतं. वायफायवर जास्त लागेल, पण आकडा मधूनच शेकड्यात उडी मारत असेल तर राउटरची जागा बदला. ही चाचणी पाहुणे आल्यावर पुन्हा करा.

इथपर्यंत फक्त कंट्रोलचं झालं. प्रत्यक्ष आवाजच नेटवर्कवरून न्यायचा असेल, म्हणजे दांते वगैरे (लॅन केबलवरून आवाज नेणाऱ्या पद्धती), तर वायफाय विसरा. गिगाबिट स्विच, म्हणजे अनेक लॅन केबल एकत्र जोडणारी वेगवान डबी, घ्या आणि त्यातली वीज वाचवणारी सोय, ज्याला ग्रीन इथरनेट किंवा ईईई म्हणतात, ती बंद करा. ती लिंकला मधूनमधून डुलकी घेऊ देते आणि मग आवाजात टिकटिक येते. एका केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये गेली तर साध्या स्विचवर डेटा गोल गोल फिरत राहतो आणि अख्खं नेटवर्क बसतं. घाईत, अंधारात हे सहज घडतं, म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लावा.

अजून एक फसवणूक. जॅक सारखा म्हणजे नेटवर्क सारखं, असं नाही. कितीतरी मिक्सरचा स्टेज बॉक्स, म्हणजे स्टेजवरचे माइक ज्यात लागतात ती पेटी, एईएस50 नावाच्या वेगळ्याच जोडणीवर चालतो. केबल तीच लॅनची दिसते, पण ती स्विचमधून गेली की स्टेज बॉक्स दिसेनासा होतो. ती थेट, यंत्रातून यंत्रातच जायला हवी आणि केबल शील्डवाली हवी.

मे महिन्यात दुपारची मांडणी असेल तर राउटर-स्विच बंद पेटीत कोंडू नका. नागपूरचा पारा 45 ला टेकतो, आणि पेटीत त्याहून जास्त.

आणि लॅपटॉप वायरनेच जोडून, मिक्सरचं सॉफ्टवेअर उघडून ठेवा. त्या लग्नात मी गर्दीतून वाट काढत, पडद्याखालून शिरून अँकरचा माइक मिक्सरमधून उपटला होता. आता लॅपटॉप टेबलावरच असतो.