काठ आत ओढले जातायत? हाताने चित्र विणताना या चुका टाळा

माझं पहिलं विणकाम खाली 20 सेंमी रुंद होतं आणि वर पोचेस्तोवर 15, म्हणजे भिंतीवर लावायला चित्र करायला बसले आणि झालं नरसाळं. तेव्हा मी फ्रेमवर (उभे धागे ताणून बांधायची लाकडी चौकट) खापर फोडलं होतं, पण फ्रेम बिचारी काय करणार, ओढत तर मीच होते.

होतं काय, की आडवा धागा उभ्या धाग्यांच्या वरखाली वळसे घेत जातो, त्यामुळे त्याला रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते, आणि आपण नीटनेटकं दिसावं म्हणून प्रत्येक ओळीला तो खेचून सरळ करतो, मग ती कमी पडलेली लांबी काठाकडून वसूल होते. म्हणून धागा टाकताना डोंगरासारखी कमान ठेवायची, बोटाने मधेमधे दाबून तिच्या दोन-तीन छोट्या कमानी करायच्या आणि मगच फणीने खाली बसवायचं (फणी नसेल तर जेवायचा काटा चालतो, मी अजून तोच वापरते). पुढच्या बाजूला लोकरीचे फुगे यायला लागले तर कमान जास्त झाली समजा.

दर दोन इंचाला पट्टी लावून रुंदी बघा. अर्धा सेंमी कमी दिसली की तिथपर्यंत उसवा, हो, जीवावर येतं, पण वर जाऊन ते सुधारत नाही. काठाचे उभे धागे दोऱ्याने फ्रेमच्या बाजूच्या पट्टीला बांधून ठेवले तरी बराच फरक पडतो.

उभ्या धाग्याला स्वेटरची लोकर अजिबात नको, ती ताणली जाते. घट्ट पिळाचा सुती दोराच घ्या, एका इंचात 6 धागे सुरुवातीला पुरे. फ्रेमवर हे धागे अडकवायचे खिळे स्वतः ठोकणार असाल तर एका रेषेत नको, एक पुढे एक मागे असे दोन रांगांत ठोका, नाहीतर लाकूड चिरतं.

आता रंगांचं. दोन रंगांची सीमा बऱ्याच ओळी उभी सरळ गेली की मधे फट पडते. किलिममध्ये (तुर्कस्तान-इराणकडचे सपाट विणीचे गालिचे) अशा फटी मुद्दाम ठेवतात, तुम्हाला नको असतील तर दोन्ही धागे एकमेकांत अडकवा, आपल्या पैठणीत पारंपरिक विणकर तेच करतात आणि म्हणूनच नक्षी मागूनपुढून जवळपास सारखी दिसते. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, शेजारचे दोन रंग एकाच ओळीत समोरासमोर यायला हवेत, एक डावीकडून आला तर दुसरा उजवीकडून. दोघं एकाच दिशेने गेले की पुढे रंग सरकवताना वरखालीचा क्रम बिघडतो आणि चूक सापडता सापडत नाही.

आणि लाल, मरून धागा वापरण्याआधी तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. माझं पांढरं आभाळ एकदा गुलाबी झालंय, आता सगळ्यांना सांगते की संध्याकाळ आहे.