चिलर नाही? वॉर्ट असं थंड करा

घरी बीअर करताना उकळलेलं वॉर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) थंड करावं लागतं, पण १० लिटरच्या बॅचला चिलर, म्हणजे ते थंड करायचं उपकरण, लागतच नाही खरंतर. मी ७ लिटरच वॉर्ट उकळतो आणि ३ लिटर पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवतो. गॅस बंद केला की झाकण लावून पातेलं थेट टबात, आधी साध्या नळाच्या पाण्यात, ते गरम झालं की बदलायचं, दोन-तीनदा, बर्फ लगेच टाकू नका फुकट वितळतो! वॉर्ट ४५ डिग्रीच्या खाली आलं की मगच टबात बर्फ आणि मूठभर मीठ, आणि टबातलं पाणी हाताने हलवत राहा, त्यानेच खरा फरक पडतो. वॉर्ट ३० डिग्रीला आलं की त्यात फ्रीजचं पाणी ओता, साधारण २२ वर येतं, मग यीस्ट. वॉर्ट ६० च्या खाली गेलं की मात्र त्यात जाणारा चमचा, थर्मामीटर सगळं सॅनिटाइझ (जंतुमुक्त) केलेलंच हवं.